खडकवड्याची कल्हई

खडकवड्यातल्या लोकांना आपली हाडं दाखवायची भारी हौस आहे, असं हेमलताला तिसऱ्या दिवशी वाटायला लागलं. शहरातली माणसं यंत्रापुढे बसायच्या आधी शंभर शंका काढतात. दुखेल का, किरणं बाधतील का, आमची माहिती कुठे जाणार. इथे तसलं काही नाही. सकाळी आठपासून शाळेच्या व्हरांड्यात बायाबापड्या पाय धुऊन तयार. नडगी यंत्राच्या खोबणीत ठेवायची आणि वीस मिनिटं हलायचं नाही, एवढंच काम. पण वीस मिनिटं गप्प बसणं खडकवडेकरांना कधी जमलंय? त्यातून यंत्र चालवणारी बाई म्हणजे रंगूतात्या करड्यांची हेमा. मग पाय यंत्रात आणि तोंड सुटलेलं, अशी रांग दुपारपर्यंत चालायची.

सगळ्यांच्या तोंडी विषयही एकच, तात्यांची कल्हई. ब्याऐंशी वर्षांच्या अनसूयाकाकूंनी तर आपली वीस मिनिटं संपल्यावरही पाय काढला नाही. दिवाळीच्या आधी देवळामागच्या करंजाखाली तात्यांचा भाता लागायचा, ते त्यांना कालच्यासारखं आठवत होतं. आळीतली पोरं शाळा बुडवून तिथे उकिडवी बसायची. काळंमिचकूट पातेलं निखाऱ्यांवर फिरायचं, तात्या चिमूटभर नवसागर टाकायचे, पांढऱ्या धुराचा लोट उठायचा. कथलाची कांडी तापल्या पितळेला टेकली न टेकली तोच कापसाचा बोळा गर्रकन फिरायचा आणि बघता बघता पातेलं आतून लखलखायचं. मग पाण्यात बुडवलं की चर्र. त्या आवाजाला पोरं दर वेळी तितकीच दचकायची आणि दर वेळी तितकीच हसायची. काकू म्हणाल्या, तुझ्या बापाच्या कल्हईतली चिंचेची आमटी जिनं खाल्ली नाही, तिला सून म्हणून गावात आणूच नये.

हेमलता हसायची. तिच्याही नाकात तो नवसागराचा वास पन्नाशीपर्यंत तसाच राहिला होता. पुण्याच्या संस्थेत पंचवीस वर्षं काम केलं, तिथे हजार तऱ्हेचे वास आले नि गेले, पण रसायनाची एखादी बाटली उघडली आणि तो वास ओळखीचा निघाला की तिला क्षणभर करंजाखालची सावली दिसायची. आई पदराला हात पुसत हाक मारतेय, तात्यांच्या कपाळावरून घाम ओघळतोय, आणि आपण भात्याची दोरी ओढतोय. काय दिवस होते ते, असं म्हणायला माणूस म्हाताराच व्हावा लागतो असं नाही.

हे यंत्र गावात आलं त्याला कारण घडलं होतं. सन २०३७च्या दिवाळीनंतर शाळेतल्या मुलांचं रक्त तपासलं गेलं आणि सत्तावन्न पोरांपैकी एकोणपन्नासांच्या रक्तात शिसं निघालं. कुठून, ते कुणाला सांगता येईना. म्हणून संस्थेनं अस्थिवाचक पाठवला आणि सोबत हेमलताला, कारण गाव तिचं. गावानं दुसऱ्याच दिवशी यंत्राला 'हाडपंचांग' म्हणायला सुरुवात केली, आणि खरं सांगायचं तर ते नाव मूळ नावापेक्षा चांगलं होतं.

शिसं मोठं कावेबाज. शरीराला त्याचा काडीचा उपयोग नाही, पण ते कॅल्शियमचं सोंग घेऊन आत शिरतं. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशाचा साधारण दहावा हिस्सा रक्तात उतरतो. वाढत्या पोराच्या बाबतीत मात्र निम्म्याच्या आसपास, कारण त्याचं आतडं हाडं बांधायला कॅल्शियमसाठी हपापलेलं असतं. एकदा रक्तात शिरलं की ते तांबड्या पेशींना चिकटून महिना-सव्वा महिना अंगभर हिंडतं, यकृतात जातं, मूत्रपिंडात जातं, मेंदूतही जातं. काही लघवीवाटे निघून जातं, थोडं पित्तावाटे, चिमूटभर केसांत नि नखांत. उरलेलं हाडात जाऊन बसतं आणि तिथे वीस-वीस, तीस-तीस वर्षं मुक्काम ठोकतं. म्हातारपणी हाडं झिजायला लागली, किंवा बाई गरोदर राहिली आणि पोटातल्या जिवासाठी तिच्या हाडांतलं कॅल्शियम निघायला लागलं, की त्याच्याबरोबर हेही बाहेर पडतं आणि पुन्हा रक्तात फिरायला मोकळं होतं.

हाडपंचांगाची करामत अशी की ते नडगीच्या हाडातले थर वर्षावर्षानं वाचायचं. कोणत्या साली किती शिसं आलं, त्याचा आलेख काढून द्यायचं. शिवाय प्रत्येक खाणीतल्या शिशात हलक्या आणि जड अणूंचं प्रमाण वेगळं असतं. त्या प्रमाणाचा यंत्र एक ठसा काढायचं. म्हणजे शिसं कधी आलं हेही कळणार आणि कुणाच्या वाटेनं आलं हेही.

हे कळणं गरजेचं होतं, कारण आता औषध निघालं होतं. नवं औषध हाडातलं शिसं हळूहळू सोडवून लघवीवाटे बाहेर काढायचं. सहा महिन्यांत पोरांची अंगं स्वच्छ. पण अट एकच. वरून येणारं शिसं आधी बंद झालं पाहिजे. ते चालू असताना औषध दिलं, तर ते उलटंच काम करायचं, आतड्यातलं शिसं रक्तात ओढून घ्यायचं. तेव्हा वाट सापडल्याशिवाय औषधाची पेटी उघडायची नाही, असं पथकाच्या प्रमुख डॉक्टर ठकारांनी बजावून सांगितलं होतं.

गावानं मात्र वाट आपल्यापुरती शोधूनही टाकली होती. शाळेत पोरांचा दुपारचा स्वयंपाक कोमल शेडगे करायची. हळदीला पिवळाधमक रंग यावा म्हणून तिच्यात शिशाचं मीठ मिसळतात, असं कुणीतरी मोबाईलवर वाचलं आणि दोन दिवसांत कोमलची हळद गावभर झाली. कोमलचा नवरा परगावी ट्रकवर, पदरात नऊ वर्षांचा शौर्य, तोही त्याच शाळेत तेच जेवण जेवणारा. स्वतःच्या पोराला कोण विष घालील, एवढा साधा विचार कुणी केला नाही. शनिवारच्या ग्रामसभेत तिला कामावरून काढायचा ठराव यायचा होता. हेमलतानं तिची हळद तपासली. स्वच्छ. तिखट स्वच्छ, विहिरीचं पाणी स्वच्छ, शाळेच्या भिंतींचा रंग स्वच्छ. तसं तिनं सरपंचांना सांगितलंही. ते म्हणाले, मग दुसरं काय ते सांगा, नाहीतर लोक ऐकणार नाहीत.

दुसरं काय ते गुरुवारी दुपारी कळलं.

तोवर चौसष्ट नडग्या वाचून झाल्या होत्या. हेमलतानं सगळे आलेख एकावर एक ठेवले. ठसा सगळ्यांचा एकच निघाला, अगदी एकच, जणू अख्ख्या गावानं एकाच पेल्यातून पाणी प्यावं तसा. मग तिनं सालं बघितली. पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाच्या हाडात शिसं आलं १९९७ साली. त्याआधी जवळपास काही नाही. मग पंधरा वर्षं ते थरावर थर चढत गेलं. २०१२ साली रेघ खाली आली आणि वीस वर्षं खालीच राहिली. २०३२ साली पुन्हा वर.

तिनं पुढ्यातला चहा तसाच ठेवला. २०१२ साली स्टीलच्या भांड्यांपुढे हात टेकून तात्यांनी भट्टी बंद केली होती. २०३२ साली पितळेची पुन्हा टूम निघाली, यात्रा कमिटीनं गावकीची अकरा मोठी पातेली माळ्यावरून खाली काढली, आणि बहात्तर वर्षांच्या तात्यांनी करंजाखाली भट्टी पुन्हा पेटवली. गावकीच्या भांड्यांना दर वर्षी कल्हई, तीही फुकट, कारण तात्या म्हणायचे की गावाचं अन्न खाऊन हे हात चालले. त्याच पातेल्यांत शाळेचा स्वयंपाक व्हायचा. आणि कोमल आठवड्यातून तीन दिवस चिंचेची आमटी करायची, कारण पोरं ती वाटी चाटूनपुसून खायची. आंबट रस शिशाला भांड्याच्या पोटातून सहज सोडवून घेतो. ज्या चवीची काकू आठवण काढत होत्या, त्याच चवीबरोबर ते आत गेलं होतं.

आणि १९९७? ते साल तिला यंत्रानं सांगायची गरज नव्हती. तेव्हा ती नऊ वर्षांची होती.

तात्या मूळचे तांबट. बाराव्या वर्षापासून तांब्याच्या पत्र्यावर हातोडा. ठण्‌ ठण्‌ ठण्‌, दिवसाचे दहा तास, कानाशी. तांबटाचे कान चाळिशीआधी जातात हे आळीत सगळ्यांना ठाऊक असायचं आणि कुणी बोलायचं नाही. पुढे घागरी खपेनात तेव्हा तात्या कल्हईकडे वळले. कल्हईवाल्याला कथील पारखावं लागतं, आणि कथील कानानं पारखतात. शुद्ध कथलाची कांडी कानाशी धरून वाकवली की आतून बारीक चरचर ऐकू येते, कुणी लांबवर पापड मोडतंय अशी. धातूचे आतले स्फटिक एकमेकांवर घासतात, म्हणून. आळीत म्हणायचे, कथील बोलतं. त्यात शिसं मिसळलेलं असलं की ते बोलत नाही. मुकाट्यानं वाकतं.

त्या वर्षी यात्रेच्या आधी एक परगावचा व्यापारी जीपमधून कथलाच्या तीन पेट्या घेऊन आला. अंगणात आळीतली पाच-सहा माणसं जमलेली. तात्यांनी एक कांडी काढली, उजव्या कानाशी धरून वाकवली. कपाळाला आठी पडली. मग हसत हसत त्यांनी दुसरी कांडी हेमाच्या कानाशी धरली. "बघ गं हेमे, बोलतं का?" लोक हसले. तात्या लेकीला धंदा शिकवतायत, असं त्यांना वाटलं.

कांडी वाकली. काही ऐकू आलं नाही. हेमानं वर पाहिलं. तात्यांची नजर तिच्या ओठांवर होती, आणि त्या क्षणी तिला कळलं की गेले कित्येक महिने तात्या आपल्याशी बोलताना आपल्या ओठांकडेच बघतात. त्यांना ऐकू येत नाही. आता आपण नाही म्हणालो, तर व्यापारी सगळ्यांदेखत विचारणार, काय तात्या, तुम्हाला नाही का कळलं? बापाचं हसू व्हायला नको म्हणून नऊ वर्षांची पोर म्हणाली, "बोललं तात्या. लई बोललं."

तात्यांचा चेहरा असा काही उजळला की तिला आपण मोठं पुण्याचं काम केलंय असंच वाटलं. पुढे सगळे म्हणायचे, तात्या, यंदाचं कथील झकास, कसं पटकन धरतं. धरणारच. शिसं मिसळलं की कथील लवकर वितळतं. एवढंसं रसायनशास्त्र तिला कॉलेजात शिकवलं गेलं, तेव्हा तिनं ते परीक्षेत लिहिलं, गुण घेतले आणि अंगणातल्या त्या दुपारशी त्याचा धागा एकदाही जोडला नाही. उलट सहा वर्षांपूर्वी भट्टी पुन्हा पेटली तेव्हा तिनंच हौसेनं तात्यांना विजेवर चालणारा भाता आणून दिला होता. धुरात हसणाऱ्या बापाचा फोटो काढून अख्ख्या संस्थेला दाखवला होता. आई गेल्यापासून तेरा वर्षं हा माणूस भिंतीला टेकून बसला होता, त्याला त्या भट्टीनं उठवलं होतं. ती भट्टी आता तिनं विझवायची.

तिनं डॉक्टर ठकारांना फोन लावला. भांडी आहेत, म्हणाली. अकरा पातेली उचलून नेली तर नाही चालायचं? कुणी, कधी, ते अहवालात लिहायलाच हवं का? डॉक्टर समजूतदार बाई, पण सरळ. त्यांनी विचारलं, त्या माणसानं फक्त त्या अकरा पातेल्यांनाच कल्हई केली का? सहा वर्षांत तात्यांनी खडकवड्याच्या घराघरांत आणि आसपासच्या सात वाड्यांत भांडी उजळली होती. हे कथील कुठे कुठे गेलंय ते एकाच माणसाला माहीत होतं, आणि त्याच्याशिवाय ते कुणाला सांगता येणार नव्हतं.

शुक्रवारी सकाळी ती करंजाखाली गेली. तात्या यात्रेच्या तयारीला लागले होते. पुढ्यात दोन पातेली, त्यातलं एक घरचं, आणि शेजारी त्या व्यापाऱ्याच्या तीन पेट्यांतली शेवटची, जवळजवळ तळाला आलेली. तिला पाहून ते नेहमीसारखे एकटेच बोलत सुटले. तात्यांची ही जुनी युक्ती, आपणच बोलत राहायचं म्हणजे समोरच्याचं ऐकायची वेळ येत नाही. कान गेल्याचं त्यांनी आजवर कबूल केलं नव्हतं. कानातलं यंत्र तिनं दोनदा आणून दिलं, दोन्ही वेळा ते डब्यात पडलं. आजकालची माणसंच पुटपुटतात, असं त्यांचं म्हणणं.

हेमलतानं पेटीतली कांडी उचलली, कानाशी धरली आणि वाकवली. मग छोटं तपासणी यंत्र तिला लावलं. ठसा तोच. ती तात्यांच्या समोर, अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसली आणि तोंड नीट दिसेल अशा बेतानं सावकाश सगळं सांगितलं. कथलात शिसं आहे, पोरांच्या रक्तात आलंय ते हेच. वाक्य संपलं तरी तात्या तिच्या ओठांकडेच बघत राहिले.

"मी तपासून घेतलं होतं ते कथील," शेवटी ते म्हणाले. "मी स्वतः ऐकलं होतं. बोललं होतं."

हेमलताच्या घशाशी शब्द आले. नाही तात्या, तुम्ही नव्हतं ऐकलं, मी ऐकलं होतं. पण ते काही बाहेर पडले नाहीत. तात्यांना ती दुपार आठवत नव्हती, की आठवत असून त्यांनी ती मुद्दाम गिळली, ते तिला त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. आणि विचारायचं धाडस झालं नाही, ही खरी गोष्ट. पन्नाशीची बाई, हाताखाली बारा माणसं, पण बापापुढे तिची जीभ नऊ वर्षांची झाली.

तात्यांनी निखारे काठीनं पसरून टाकले. मग त्यांनी विचारलं, "तुझ्या आईच्या किडन्या गेल्या होत्या. त्या यानंच?"

"सांगता येत नाही, तात्या."

"तुझं यंत्र सगळं सांगतं ना?"

"हे नाही सांगत. शिशानं किडनी जाते, आणि शिसं नसतानाही जाते. तिची कशानं गेली ते आता कुणालाच कळणार नाही."

तात्या रडले. आवाज न करता, नाक पुसत, समोरच्या पातेल्याकडे बघत रडले. त्याच पातेल्यात बायकोनं चाळीस वर्षं आमटी केली होती आणि तात्यांनी दर दिवाळीला ते तिच्यासाठी सगळ्यात आधी उजळलं होतं. हेमलतानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तिलाही रडू येत होतं आणि आईची इतकी आठवण येत होती की छातीत दुखावं. मग तात्या उठले आणि पातेली खरवडून काढायला बसणार म्हणाले, आत्ताच्या आत्ता. खरवडलं की भुकटी उडेल, ती नाकातोंडात जाईल, हे समजवायला तिला अर्धा तास लागला. भांडी पथक घेऊन जाईल, पितळ शुद्ध करून परत येईल. तात्यांनी मान हलवली आणि उद्या सभा किती वाजता, एवढंच विचारलं.

शनिवारी दहा वाजता शाळेच्या मैदानात गाव जमलं. हेमलता मागे व्हरांड्यात यंत्राशी उभी होती. पुढच्या रांगेत कोमल बसली होती, मान खाली, शौर्य तिला चिकटून. सरपंचांनी ठराव वाचायला कागद काढला, तोच तात्या काठी टेकत पुढे गेले, लोकांकडे तोंड करून उभे राहिले आणि कुणाची परवानगी न घेता बोलायला लागले.

कोमलची हळद चोख आहे, म्हणाले. शिसं माझ्या कल्हईत आहे. ज्या ज्या घरात मी भांडं उजळलं, त्यांनी ते आज चुलीवरून उतरवा. घराघरांची नावं मी काल पोरीला लिहून दिलीत, वाड्यांचीसुद्धा. "कथील कानानं पारखायचं असतं. हे कथील घेतलं, तेव्हाच माझे कान गेले होते. मी बहिरा आहे, आणि ते मी तुमच्यापासून चाळीस वर्षं लपवलं."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग चार-दोन जण. अनसूयाकाकू पदर तोंडाला लावून म्हणाल्या की तात्यांशी बोलून बोलून आमचे घसे बसले, हे कुठलं गुपित. क्षणभर सगळं मैदान मायेनं हसलं. तात्यांना हसण्याचं कारण कळलं नाही, ते तसेच हात जोडून उभे राहिले. मग तात्यांचं बाकीचं बोलणं लोकांच्या डोक्यात उतरलं आणि हसू मावळलं. ज्याच्या त्याच्या डोळ्यांपुढे घरातलं चकचकीत पातेलं आलं असणार.

कोमल उठली. चार पावलं पुढे येऊन ती तात्यांच्या समोर उभी राहिली. गेले आठ दिवस गिळलेलं सगळं तिच्या तोंडावर होतं.

"तात्या, माझा शौर्य अभ्यासाला बसला की पाच मिनिटांत उठतो. लक्षच लागत नाही त्याचं. मी त्याला त्यापायी मारलंय. लाकडानं मारलंय. हेमाताई सांगतात, शिशानं तसं होतं. मग माझं ते मारणं कुणाच्या पदरात घालू?"

तात्यांनी तिच्या ओठांवरून शब्द न् शब्द वाचला. "माझ्या," ते म्हणाले. "माझ्या पदरात घाल, पोरी."

हे ऐकून हेमलताला मागेच उभं राहवेना. म्हातारा लेकीच्या वाटणीचंही डोक्यावर घेऊन उभा होता, आणि आपण त्याच्या पाठीमागे यंत्राआड लपलोय. ती व्हरांड्याच्या पायरीवर आली आणि मोठ्यानं बोलली. आवाज सगळ्या मैदानाला ऐकू गेला.

"त्या दिवशी कथील तात्यांनी नव्हतं ऐकलं. त्यांनी ते माझ्या कानाशी धरलं होतं. मी तेव्हा नऊ वर्षांची होते, पण ते बोललं नाही हे मला कळलं होतं. तात्या बहिरे आहेत हे सगळ्यांना कळेल म्हणून मी खोटं बोलले. त्यांचा विश्वास होता माझ्यावर. तुमच्या घरात हे आलं ते माझ्यामुळे."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. सरपंचांनी हातातला कागद दुमडून खिशात घातला. कोमल हेमलताकडे बघत राहिली, मग तिची नजर खाली शौर्यकडे गेली. तो जमिनीवर काडीनं काहीतरी रेघोट्या ओढत होता. नऊ वर्षांचं पोर केवढं असतं, ते ती बघत होती.

सगळ्यांचे चेहरे आपल्या मागे वळलेत हे तात्यांच्या लक्षात आलं. ते सावकाश वळले. तोवर हेमलताचं बोलून संपलं होतं. पायरीवर ती नुसतीच उभी होती, ओठ मिटून, डोळ्यांतलं पाणी गालांवर. तात्या गोंधळले. त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या कोमलला विचारलं, "काय म्हणाली गं ती?"

मैदानात दीडशे माणसं होती आणि सगळ्यांचं लक्ष आता कोमलच्या तोंडाकडे लागलं. मग ती पुढे झाली, तात्यांना ओठ दिसतील अशी उभी राहिली आणि मोठ्या आवाजात म्हणाली, "म्हणाली, वाट सापडली. आता पोरांना औषध सुरू करता येईल."

"एवढंच?"

"एवढंच, तात्या."

तात्यांनी मान डोलावली. मग पोरांचं आधी करा, म्हणाले, माझं राहिलं तरी चालेल. कोमलनं त्यांच्या दंडाला धरून त्यांना आपल्या जागेवर बसवलं आणि शौर्यचा हात धरून ती व्हरांड्याकडे निघाली, हेमलता उभी होती तिकडे.